वीस वर्षांचं काम, तीन वर्षांची नोकरी

२०२५ च्या जुलैमध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलहून एक बातमी आली. मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या कणांचा, गंभीर आजार आईकडून बाळाकडे जाऊ नये म्हणून तिथल्या डॉक्टरांनी वापरलेल्या पद्धतीने सात बायकांना आठ बाळं झाली. चार मुली, चार मुलगे, त्यांत एक जुळं. आपल्याकडे ही बातमी ‘तीन पालकांची बाळं’ अशा मथळ्याखाली आली आणि दोन दिवसांत विरूनही गेली. या पद्धतीत आई-बापाचं पेशीकेंद्र दुसऱ्या स्त्रीच्या, निरोगी मायटोकॉन्ड्रिया असलेल्या अंड्यात ठेवतात, आणि अंडं देणाऱ्या त्या स्त्रीचा वाटा बाळाच्या जनुकीय ऐवजात एक टक्क्याहूनही फार कमी असतो. त्यामुळे चर्चा झाली ती बातमीतल्या सगळ्यात किरकोळ भागाची.

मी मात्र त्या बातमीतल्या तारखा पाहत राहिले. या पद्धतीचा मानवी गर्भावरचा प्रयोग त्या गटाने २०१० मध्ये प्रसिद्ध केला. २०१५ मध्ये ब्रिटनच्या लोकसभेने ३८२ विरुद्ध १२८ मतांनी परवानगी दिली. परवाना मिळाला २०१७ मध्ये, आणि बाळांची सविस्तर हकिगत छापून आली २०२५ मध्ये. २०१० च्याही आधी कितीतरी वर्षं डग टर्नबुल हे मज्जातंतूतज्ज्ञ तिथे याच रुग्णांना तपासत होते, त्यांच्या स्नायूंचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते, घराण्यांच्या नोंदी ठेवत होते. मेरी हर्बर्ट यांच्यासारख्या गर्भतज्ज्ञ त्यांना येऊन मिळाल्या त्या टिकल्या. एका शहरात, एका रुग्णालयाच्या आधाराने, काही माणसं एकाच प्रश्नाला धरून अर्धं आयुष्य राहिली, तेव्हा कुठे ती आठ बाळं जन्मली.

सांगलीत जीवशास्त्र शिकवणारी मी बाई. मला या लेखात एकच गोष्ट मांडायची आहे. या आजारांवरचं काम वीस-वीस वर्षं एका जागी टिकणाऱ्या माणसांशिवाय होत नाही, आणि आपण त्या माणसांना दोन-तीन वर्षांच्या करारावर ठेवतो. यंत्रं आणली, इमारती बांधल्या, योजनांच्या घोषणा केल्या, तरी हे बदलल्याशिवाय जतच्या किंवा आटपाडीच्या रुग्णापर्यंत त्यातलं काही पोचणार नाही.

आधी आजाराविषयी थोडं. शाळेच्या पुस्तकात ज्यांना तंतुकणिका म्हणतात, त्या मायटोकॉन्ड्रिया आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असतात. अन्नातला अंश आणि श्वासातला ऑक्सिजन वापरून पेशीला लागणारी ऊर्जा, म्हणजे एटीपी, मुख्यतः तिथे तयार होते. तिथे बिघाड झाला की ज्या अवयवांना ऊर्जा जास्त लागते ते आधी ढासळतात: मेंदू, स्नायू, हृदय, डोळ्याची नस, कानाचा आतला भाग, स्वादुपिंड. त्यामुळे आजार एकच असला तरी तो वेगवेगळ्या दारांवर जातो. शाळकरी पोराला अर्धांगासारखा झटका येतो, त्याला मेंदूच्या डॉक्टरकडे नेतात. विशीतल्या मुलाची दोन्ही डोळ्यांची नजर काही आठवड्यांत जाते, तो डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातो. त्याच घरातल्या मावशीला मधुमेह आणि बहिरेपण, ती तिसरीकडे. हे सगळे कागद एका टेबलावर येत नाहीत तोवर आजाराला नाव मिळत नाही, आणि आपल्या भागात ते टेबल कुठे आहे हे मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

मायटोकॉन्ड्रियाला स्वतःचा छोटा डीएनए असतो. त्यात १६,५६९ अक्षरं आणि ३७ जनुकं आहेत. त्याचा पूर्ण क्रम १९८१ मध्ये केंब्रिजमध्ये लावला गेला, आणि या डीएनएतल्या दोषाने माणसाला आजार होतो हे १९८८ मध्ये लंडन आणि अमेरिकेतल्या गटांनी दाखवलं. हा डीएनए फक्त आईकडून येतो. पण मायटोकॉन्ड्रियाला लागणारी बाकीची हजाराहून अधिक प्रथिनं पेशीकेंद्रातल्या जनुकांवरून तयार होतात, आणि ती आई-बाप दोघांकडून येतात. लहान मुलांमधले यातले कितीतरी आजार या दुसऱ्या वाटेने येतात. एका पेशीत मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएच्या शेकडो-हजारो प्रती असतात. त्यातल्या काही चांगल्या आणि काही सदोष, असं मिश्रण असू शकतं. पोत्यात चांगलं आणि किडकं बियाणं मिसळलेलं असावं आणि त्यातून प्रत्येक लेकराच्या वाट्याला एकेक मूठ यावी, तसं आईच्या अंड्यांत हे मिश्रण वाटलं जातं. एका मुलाच्या मुठीत किडकं फार, दुसऱ्याच्या मुठीत नावाला. सदोष प्रतींचं प्रमाण एका उंबरठ्यापलीकडे गेलं की आजार दिसतो, त्याच्या आत असलं तर माणूस धडधाकट जगतो. सख्ख्या भावंडांत एक अंथरुणाला खिळलेलं आणि एक कबड्डी खेळणारं असतं ते यामुळे.

तपासणीत एक बारकावा आहे आणि तो माझ्या म्हणण्याशी थेट जोडलेला आहे. या गटातला सर्वांत जास्त आढळणारा एक दोष ३२४३ क्रमांकाच्या अक्षरातला आहे. रक्तातलं त्याचं प्रमाण वयाबरोबर घटत जातं, लघवीतल्या पेशींत मात्र ते बरंच टिकून राहतं. पन्नाशीच्या बाईचं नुसतं रक्त पाठवलं तर ‘दोष नाही’ असा अहवाल येऊ शकतो, आणि त्या अहवालाच्या भरवशावर तिच्या मुली निर्धास्त होतात. रक्त पाठवायचं की लघवी, हे ज्याला ठाऊक आहे असा माणूस नमुना गोळा होतो तिथे हवा. दूरच्या शहरातलं यंत्र कितीही महागाचं असलं तरी त्याच्याकडे जे आलं तेच ते वाचणार.

जगात साधारण पाच हजारांत एकाला हा आजार असतो असं मानलं जातं. २०११ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्याची लोकसंख्या २८ लाख २२ हजार होती. हिशोब केला तर जिल्ह्यात पाचशेहून जास्त माणसं निघतील. हा नुसता भागाकार आहे, पण त्यातून आकाराची कल्पना येते. शिवाय मिरज फक्त सांगली जिल्ह्याची नाही. विल्यम वानलेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उघडलं तेव्हापासून जत, मंगळवेढा, अथणी, विजापूर या सगळ्या पट्ट्यातली माणसं दुखणं घेऊन मिरजेच्या गाडीत बसतात. १९६२ मध्ये मिरजेला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. त्याच वर्षी स्वीडनमध्ये रोल्फ लुफ्ट या डॉक्टरांनी एका स्त्रीचा आजार वर्णन केला. घामाने निथळणारी, भरपूर खाऊनही अंगावर न धरणारी, थायरॉइड मात्र ठीक असलेली ती स्त्री. मायटोकॉन्ड्रियाच्या आजाराची ती पहिली नोंद. म्हणजे हे शास्त्र आणि मिरजेचं कॉलेज एका वयाचे आहेत. रुग्ण इथे रोज येतात आणि शास्त्र दुसरीकडे वाढलं, याची मला मनापासून खंत वाटते.

‘असल्या आजाराला औषध नाही, मग निदान करून काय उपयोग?’ हा प्रश्न मला डॉक्टरांकडूनही ऐकायला मिळतो. त्याचं उत्तर सविस्तर द्यायला हवं, कारण इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं आहे.

मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत १५५५ क्रमांकाच्या जागी एक बदल काही माणसांत असतो. असा माणूस एरवी ठणठणीत असतो. पण त्याला स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, अमिकासिन या गटातलं इंजेक्शन दिलं की कानाच्या आतल्या पेशी मरू शकतात आणि कायमचं बहिरेपण येतं. हे नातं १९९३ मध्ये उलगडलं. मिरजेजवळच्या वानलेसवाडीला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम होतं, आणि एके काळी क्षयाला स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं महिनोन्महिने टोचली जात. ‘टीबीच्या इंजेक्शनांनी कान गेले’ असं सांगणारी जुनी माणसं या पंचक्रोशीत आजही भेटतात. त्या प्रत्येकात हा दोष होता असं नाही, औषधाचा डोस वाढला की कुणाचेही कान जाऊ शकतात. पण ज्यांच्यात दोष असतो त्यांना थोडंसं औषधही पुरतं. क्षयाच्या उपचारात आता तोंडाने घ्यायच्या गोळ्या आल्या आहेत. नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात मात्र जंतुसंसर्गावर जेंटामायसिन, अमिकासिन अजून सर्रास वापरतात, आणि ती औषधं स्वस्त आणि गुणकारी असल्याने वापरावीच लागतात. मँचेस्टरच्या गटाने बाळाच्या गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर अर्ध्या तासाच्या आत निकाल देणारी तपासणी तयार केली, म्हणजे पहिलं इंजेक्शन देण्यापूर्वीच कळावं. दोष निघाला तर दुसरं अँटिबायोटिक द्यायचं. यात नवं औषध शोधायचं नव्हतं. हातातलं औषध कुणाला द्यायचं नाही, एवढं कळलं.

फिटांवरच्या व्हॅल्प्रोएटचंही तेच. पोल्‌जी नावाच्या, मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए राखणाऱ्या जनुकात दोष असलेल्या मुलाला ते दिलं तर यकृत निकामी होऊन मूल जाऊ शकतं. अशा मुलाला फिटा येतात, फिटांवर डॉक्टर नेहमीचं, चांगलं, स्वस्त औषध लिहून देतात, आणि घात होतो. निदानाचा उपयोग हा आहे. आणि औषधंही हळूहळू येत आहेत. डोळ्यांच्या नसेच्या आजारासाठी युरोपने २०१५ मध्ये आयडेबेनोनला मान्यता दिली, हृदय आणि स्नायू दुबळे करणाऱ्या बार्थ सिंड्रोमसाठी अमेरिकेने २०२५ मध्ये एलामिप्रेटाइडला. ज्याचं निदानच झालं नाही त्याच्या हाती यातलं काहीच लागणार नाही.

आपल्या भागाची आणखी एक गोष्ट आहे. मामाच्या मुलीशी लग्न करायची चाल दक्षिण महाराष्ट्रात जुनी आहे. घरातली शेती आणि नाती दोन्ही त्यात जपली जातात असं मानतात. आते-मामे भावंडांत साधारण एक अष्टमांश जनुकं सामायिक असतात. दोघांकडे एकाच जनुकाची सदोष प्रत असली तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारांत एक असते. मी कुणाच्या ठरलेल्या सोयरिकी मोडायला सांगत नाही. पण ज्या घरात पहिलं मूल दोन वर्षांचं होऊन चालायचं विसरलं आणि गेलं, त्या घराला दुसऱ्या खेपेआधी कुणीतरी समोर बसवून सांगायला हवं. आणि सांगायचं कसं, हे शिकलेला माणूस हवा. दोष मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएतला असला तर ‘हे आईकडून आलं आहे’ हे एक वाक्य आपल्या समाजात सुनेचं आयुष्य उद्ध्वस्त करू शकतं. तिला माहेरी पाठवतील, मुलाचं दुसरं लग्न लावतील. तेच वाक्य तिच्या बहिणींना, भाच्यांना वाचवूही शकतं. हा दोष तिने केलेला नाही, तिच्या हातात कधी नव्हता, हे सासूलाही पटेल अशा भाषेत सांगणं ही जनुकीय समुपदेशकाची विद्या आहे. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात असा समुपदेशक नेमायची पद्धत आपल्याकडे अजून रुजलेली नाही. ओपीडीत शंभर रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरने हे दीड मिनिटात उरकावं अशी अपेक्षा करणं डॉक्टरवरही अन्याय आहे.

आता माणसांच्या प्रश्नाकडे येते.

माझ्या वर्गात मिरज, तासगाव, कवठेमहांकाळ, पलूसकडची पोरं येतात. बीएस्सी, मग एमएस्सी, बायोटेक्नॉलॉजी किंवा बायोकेमिस्ट्री. त्यांतली हुशार पोरं नेट, म्हणजे संशोधनाच्या छात्रवृत्तीसाठीची राष्ट्रीय परीक्षा, काढतात. २०२३ मध्ये कनिष्ठ संशोधकाची छात्रवृत्ती ३१ हजारांवरून ३७ हजार झाली, वरिष्ठाची ३५ वरून ४२ हजार. आकडा वाईट नाही. वाईट हे आहे की ती दर महिन्याला येईलच याचा भरवसा नसतो. पुण्या-मुंबईत खोली घेऊन राहणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलीला चार-सहा महिने पैसे आले नाहीत की तिने घरमालकाला काय सांगायचं? सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या छात्रवृत्ती देणाऱ्या संस्थांनी आपल्याकडच्या कितीतरी घरांतल्या पहिल्या पदवीधरांना पीएचडीची वाट दाखवली, त्याबद्दल मला त्यांचा आदर आहे. पण तिथल्याही मुलांना हक्काच्या पैशासाठी उपोषणाला बसावं लागलं आहे.

पाच-सहा वर्षांनी पीएचडी होते तेव्हा वय तिशीला टेकतं. मग ‘प्रोजेक्ट’ची नोकरी. प्रकल्प तीन वर्षांचा, नेमणूक अकरा महिन्यांची, तुकड्यातुकड्याने वाढणारी. माझी एक विद्यार्थिनी एका मोठ्या संस्थेत अशा कामावर होती. रुग्णांच्या त्वचेचा बारीक तुकडा घेऊन त्यातल्या पेशी वाढवायच्या, त्या किती ऑक्सिजन वापरतात ते मोजायचं, आणि जनुकात सापडलेला बदल खरोखर बाधतो का हे ठरवायचं. हे काम हाताला बसायलाच दोन वर्षं जातात. पेशी कधी खायला मागतात, बुरशी धरायच्या आधी त्या कशा दिसतात, कुठल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नसतं. तिला ते जमायला लागलं आणि प्रकल्प संपला. पुढचा मंजूर व्हायला वेळ होता. ती परत आली, आणि आज ती तासिका तत्त्वावर शिकवते, संध्याकाळी एमपीएससीची पुस्तकं घेऊन बसते. त्या रुग्णांच्या पेशी लिक्विड नायट्रोजनच्या टाकीत राहिल्या. कुठल्या कुपीतली पेशी कुठल्या घरातल्या मुलाची, त्याची आई आता पुन्हा गर्भार आहे का, मागच्या वेळी काय सांगायचं राहिलं होतं, हे तिला तोंडपाठ होतं. तिच्याबरोबर ते सगळं गेलं. नव्याने आलेला मुलगा पुन्हा पहिल्यापासून शिकला असेल.

सरकारी कागदावर या घटनेत कुणाचंच नुकसान दिसत नाही. प्रकल्प वेळेत पूर्ण झाला, निधी खर्ची पडला, शोधनिबंध छापला गेला. नुकसान झालं ते त्या घरांचं, ज्यांना कळवतो म्हणून सांगितलं होतं.

मायटोकॉन्ड्रियाच्या आजारांत हे नुकसान इतर क्षेत्रांपेक्षा जास्त बसतं, याचं कारण शास्त्रातच आहे. तुलनेसाठी जगभर मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएचा जो प्रमाण क्रम वापरतात तो युरोपीय वंशाच्या व्यक्तीचा आहे. भारतात निम्म्याहून अधिक लोकांची मातृवंशाची शाखा वेगळी, ‘एम’ नावाची आहे. त्यामुळे आपल्या माणसाचा डीएनए वाचला की प्रमाण क्रमापेक्षा वेगळी अक्षरं भरपूर सापडतात. त्यातलं कुठलं नुसतं वंशाचं लक्षण आणि कुठलं आजाराचं मूळ, हे ठरवायला इथल्याच निरोगी आणि आजारी घराण्यांची नोंद लागते, तीही आजीपासून नातवापर्यंतची. हैदराबादची सीसीएमबी ही पेशीजीवशास्त्राची संस्था आणि बंगळूरचं निम्हान्स हे मेंदूविकारांचं रुग्णालय यांनी या दिशेने मोलाचं काम केलं आहे. पण आजी खटावात, मावशी चिकोडीला आणि नातू भोसरीच्या कारखान्यात, अशी पसरलेली घराणी हैदराबादहून धरून ठेवता येत नाहीत. त्यासाठी त्यांच्या बोलीत फोन करणारं, जत्रेला गावी आलेल्यांना गाठणारं, दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा तपासणारं कुणीतरी जवळ लागतं. अकरा महिन्यांच्या नेमणुकीवरच्या माणसाला हे घर दुसऱ्यांदा दिसतच नाही.

या जागी मला कमला सोहोनी आठवतात. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी चांगल्या गुणांनी घेऊन त्या बंगळूरच्या विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. अटींवर प्रवेश मिळवला, काम करून दाखवलं, आणि पुढे केंब्रिजला जाऊन १९३९ मध्ये पीएचडी घेतली. वनस्पतींच्या पेशींमध्ये सायटोक्रोम सी असतं हे त्यांनी तिथे दाखवलं. हे सायटोक्रोम सी मायटोकॉन्ड्रियाच्या ऊर्जानिर्मितीच्या साखळीतला एक महत्त्वाचा दुवा आहे. म्हणजे आज आपण ज्या विषयासाठी परदेशाकडे पाहतो, त्याच्या पायाभरणीत एका मराठी बाईचा हात आहे. रामन यांनी दार अडवलं होतं. आज कुणी दार अडवत नाही, एमएस्सीच्या वर्गात मुलीच जास्त असतात. पण तिशीला आलेल्या, करारावरच्या, पुढच्या वर्षी कुठल्या शहरात असू हे न सांगता येणाऱ्या मुलीला घरचे किती दिवस थांबतील? मुलगा असता तर ‘कर अजून दोन वर्षं’ म्हणतात. मुलीला स्थळ बघतात. मग ती ज्या गावी जाईल तिथे प्रयोगशाळा नसते. अस्थिर नोकरीचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही, तो मुलींवर आणि घरून पैसे मागवू न शकणाऱ्या पोरांवर जास्त पडतो. संशोधनातून गळतात ती हीच, आणि नेमकी हीच पोरं इथल्या रुग्णांची भाषा बोलणारी असतात.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मी गांभीर्याने घेते. सरकारी दवाखान्यात साप चावल्यावरची लस वेळेवर मिळायची मारामार, डेंगीचा हंगाम आला की खाटा पुरत नाहीत, आणि तुम्ही पाच हजारांत एकाच्या आजारावर पैसे मागता? हे विचारणारा माणूस दुष्ट नसतो. तो रोज रांग बघत असतो. पण मी मागते आहे तो खर्च औषधांच्या खर्चापुढे फार लहान आहे. २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणानुसार ठरावीक केंद्रांत एका रुग्णामागे ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते, महाराष्ट्रात मुंबईचं केईएम रुग्णालय त्यांपैकी एक. हे चांगलं पाऊल आहे. पण मायटोकॉन्ड्रियाच्या बहुतेक आजारांना विकत घ्यायला औषधच नाही, त्यामुळे औषधाला पैसे देणारं धोरण या रुग्णांना जवळजवळ स्पर्श करत नाही. त्यांना हवं आहे वेळेवर निदान, टाळायच्या औषधांची चिठ्ठी, आणि पुढच्या मुलाबद्दल सल्ला. हे तिन्ही पगारदार माणसांकडून मिळतं. आणि ती माणसं एकाच आजाराला बांधलेली नसतात. थॅलेसेमिया, सिकलसेल, जन्मतः बहिरेपण, स्नायूंचे विकार, या सगळ्यांना तोच नमुना घेणारा हात, तोच समुपदेशक, तेच टेबल कामाला येतं.

देश आपल्या उत्पन्नाच्या साधारण ०.६४ टक्के संशोधनावर खर्च करतो. तो आकडा वाढायला हवा हे सगळेच म्हणतात, मीही म्हणते. पण दिल्लीने आकडा वाढवेपर्यंत सांगली-साताऱ्याने हात बांधून बसावं हे मला मान्य नाही, कारण संशोधनाला वेळ आणि पैसा देण्याची सवय या मातीला आहे. फलटण तालुक्यातल्या पाडेगावला ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून चालू आहे. को ८६०३२ या वाणाच्या नावातले ८६ हे त्याच्या निवडीचं वर्ष, आणि आपल्या रानात तो पसरायला नव्वदचं दशक सरत आलं. कोईमतूरला संकर, पाडेगावला वर्षानुवर्षं चाचण्या, मग शेतकऱ्याच्या हातात बेणं. एवढा काळ कुणी तक्रार केली नाही, कारण चाचणी अर्ध्यात सोडली तर वाण मिळत नाही हे इथल्या प्रत्येक ऊसवाल्याला कळतं. पुण्याजवळ मांजरीला ज्या संस्थेला आज वसंतदादांचं नाव आहे, ती १९७५ मध्ये सहकारी साखर कारखान्यांनी उभी केली आणि गाळपाच्या टनामागे वर्गणी देऊन चालवली. उसाच्या रोगावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञाचा पगार आपल्या भागाने आपल्या घामातून दिला आहे. माणसाच्या रोगावर काम करणाऱ्याचा का देऊ नये?

मला भव्य संस्था नको. कोनशिला, काचेची इमारत आणि आत रिकाम्या खुर्च्या, असं बरंच बांधून झालं आहे. मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयाला जोडून, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या जीवरसायनशास्त्राशी हात मिळवून, एक लहान विभाग पुरे. त्यात कायम पदावरचे दोन-तीन शास्त्रज्ञ, ज्यांच्यावर दर वर्षी नवा प्रकल्प आणायची सक्ती नाही आणि जुनी घराणी सांभाळायची जबाबदारी आहे. एक-दोन जनुकीय समुपदेशक, त्यांतली एक कन्नड बोलणारी. पेशी वाढवणारे आणि नमुने जपणारे तंत्रज्ञ, डीएमएलटी ही प्रयोगशाळेची पदविका केलेले इथलेच, पण शिकवून कायम केलेले. क्रम वाचायचं महागडं यंत्र घेऊ नये, तो नमुना पुण्याला किंवा हैदराबादला पाठवता येतो. उणे ऐंशीचा फ्रीझर, लिक्विड नायट्रोजनची टाकी, वीज गेली तर चालणारा जनरेटर, तोही पुराचं पाणी चढणार नाही अशा मजल्यावर, कारण २०१९ आणि २०२१ चा कृष्णेचा पूर आपण पाहिला आहे. आणि नवजात कक्षाशी पक्का सांधा, म्हणजे जेंटामायसिनने कान जाऊ शकणारा दोष शोधणारी मँचेस्टरची ती तपासणी इथल्या बाळांना लागू पडते का, आपल्याकडे तो दोष किती आढळतो, हे पहिल्या काही वर्षांत कळेल. संशोधनाची सुरुवात म्हणून हा प्रश्न मला सर्वांत योग्य वाटतो. उत्तर थोड्या पैशात मिळतं आणि त्याच आठवड्यात वॉर्डात वापरता येतं.

पदांचं बोलायचं तर एक गोष्ट आधी ठरली पाहिजे. वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएस, एमडी झालेल्यांची एक उतरंड असते आणि पीएचडीवाला तिच्या बाहेर उभा असतो, पाहुण्यासारखा. त्याला बढती नाही, रुग्णाच्या कागदावर सही नाही, बैठकीत खुर्ची नाही. जीवरसायनाची पीएचडी झालेली मुलगी अहवालावर सही करील, आणि बालरोगतज्ज्ञ तिला बोलावून वॉर्डात विचारतील ‘या बाळाला व्हॅल्प्रोएट देऊ का’, असं नातं नियमांत लिहून घ्यावं लागेल. डॉक्टरांनी हे मनावर घेतलं तर होईल, त्यांच्या विरोधात जाऊन होणार नाही. मिरजेच्या तरुण डॉक्टरांशी मी जेवढं बोलले आहे त्यावरून वाटतं की ते तयार आहेत. त्यांनाही रोज असे रुग्ण दिसतात ज्यांना ते नाव देऊ शकत नाहीत, आणि ते त्यांना टोचतं.

पैशासाठी पहिली पाच वर्षं जिल्हा नियोजन समितीचा निधी आणि कारखान्यांची वर्गणी, त्यानंतर पदं राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाच्या आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, हे लेखी वचन विभाग सुरू होण्याआधी मिळायला हवं. नंतर बघू म्हणून सुरू केलेल्या पदांवरची माणसं नंतर काय होतात ते मी वर्गात रोज पाहते. साखर कारखान्यांच्या वार्षिक सभा सप्टेंबरात होतात. टनामागे काही पैशांची वर्गणी या विभागासाठी द्यावी असा ठराव एखाद्या सभासदाने तिथे मांडावा, आणि सूचक म्हणून ज्याच्या घरातलं मूल असं गेलं आहे त्याचं नाव असावं. अनुमोदन द्यायला त्याच गावची, पीएचडी करून घरी बसलेली एखादी मुलगी मिळेल. अशा मुली प्रत्येक तालुक्यात आहेत.